रोख, कर्ज आणि पुढे ओढलेली सीट

३ जानेवारी, सकाळी
नवी डायरी. एका सप्लायरने दिली. लाच नव्हे, डायरी.
या वर्षी गाडी घ्यायचीच. सगळं ठरलेलं आहे. प्रश्न एकच उरलाय, रोख घ्यायची की कर्ज काढून. (आणि कुठली घ्यायची. पण तो तपशील झाला.)
कारणही तसंच आहे. हिला बढती मिळतेय. बायपासच्या पलीकडे नवं हॉस्पिटल झालंय, तिथल्या लॅबची प्रमुख म्हणून हिला बोलावलंय. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली रक्ताचे नमुने तपासत आली. आता दुसरे हिच्या हाताखाली. दोन मार्चला रुजू व्हायचं. अडचण अशी की तिथे सकाळी सातला हजर हवं आणि तिकडची पहिली बस सुटते आठला. म्हणजे गाडी हवी. नाहीतर तिथल्या क्वार्टरमध्ये राहायला जावं लागेल, असं ही म्हणाली. मला हसू आलं. मी खरेदी विभागात, आणि माझ्या बायकोने गाडीवाचून घर सोडायचं! म्हटलं, निश्चिंत राहा. दोन महिने म्हणजे डोक्यावरून पाणी.
याच्या निम्म्या वेळात मी कंपनीसाठी बॉयलर मागवला होता. तो अजून आलेला नाही, पण ती सप्लायरची चूक.

५ जानेवारी
आमच्या खात्याचा नियम: तीन कोटेशनं, तुलना तक्ता, मग वाटाघाटी, मग ऑर्डर. या क्रमाशिवाय मी कंपनीत खिळासुद्धा घेतलेला नाही. घरातही हेच धोरण. फ्रिज घेताना हेच केलं. तेव्हा मधला उन्हाळा माठावर काढला, पण किंमत खाली आली की नाही?
उलट आमचा साडू. गेल्या वर्षी दुपारी जेवून उठला आणि संध्याकाळी गाडी घेऊन आला. सगळी कर्जावर. बेसिन कुठलं बसवायचं यावर तरी लोक जास्त विचार करतात.
ही म्हणाली, साडूंच्या गाडीतून सगळे फिरून आले, तुमच्या तक्त्यातून कोण फिरणार.
हिला खरेदीतलं कळत नाही.

९ जानेवारी
मुलीचा फोन. तिला रोख-कर्ज प्रश्न समजावून सांगितला. अर्ध्यावर म्हणाली की बाबा, पण गाडी चालवणार कोण?
काय प्रश्न आहे! मी. माझ्याकडे लायसन्स आहे. हिने जन्मात कधी चालवली असेल तर भाजीची हातगाडी, ती पण ढकलली. मी रोज पहाटे हिला सोडणार, तिथून कंपनीत जाणार.
मुलगी म्हणाली, बाबा, तो खांब.
त्या खांबाबद्दल एकदाच आणि शेवटचं लिहून ठेवतो. साडूच्या अंगणात गाडी मागे घेताना जो खांब आडवा आला तो आधीपासून वाकलेला होता. शिवाय सगळे एकाच वेळी ओरडत होते. तेव्हापासून मी गाडीला हात लावला नाही हे खरं, पण ते तत्त्व म्हणून. दुसऱ्याची गाडी चालवूच नये.

१३ जानेवारी
बँकेत गेलो. रोख द्यायची तर एफडी मोडावी लागेल. मोडली तर व्याज जातं. कर्ज काढलं तर व्याज भरावं लागतं. इकडे आड, तिकडे विहीर.
तक्ता केला. रोखीच्या रकान्यात: रात्री शांत झोप. कर्जाच्या रकान्यात: चार पैसे हाताशी राहतात, त्यामुळे रात्री शांत झोप. दोन्ही बाजू समसमान. इतका समतोल तक्ता मी नोकरीत पाहिला नव्हता. मोठ्या साहेबांना दाखवला. ते म्हणाले, छान आहे, पण बॉयलरचं काय झालं.

१६ जानेवारी
ड्रायव्हिंग क्लास लावला. चालवता येतंच, फक्त हात मोकळा करायचाय. घरी सांगितलेलं नाही. एकदम गाडी दारात उभी करून हिला चकित करणार. ही सकाळी साडेपाचला चालायला जाते, सातला येते. मी पावणेसातला निघतो, दूध आणायला म्हणून.
क्लासची गाडी जुनी. टपावर पाटी. मास्तर म्हणजे एक सुकलेला, हसरा माणूस. पायात स्लिपर, नजर कायम खिडकीबाहेर. त्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच आहेत, पण ते नवशिक्यांसाठी. माझ्या बाबतीत शोभेचे.
पहिल्याच दिवशी गाडी चौकापर्यंत नेऊन आणली! एकदाही बंद पडली नाही. गतिरोधकाआधी आपोआप हळू झाली. हात विसरत नाहीत हो.
फक्त एक तक्रार. सीट इतकी पुढे ओढलेली की गुडघे स्टिअरिंगला लागले. मास्तर म्हणाला, सहाच्या बॅचला एक बाई येतात, त्यांची उंची कमी. म्हटलं, उठताना मागे करायला काय होतं? जग आपल्याच मापाचं आहे असं काही लोकांना वाटतं.

२४ जानेवारी
क्लास उत्तम. मास्तरला पाय हलवत बसायची सवय आहे. मी गिअर बदलला की याचा पाय हलतो. असतात काही काही लोकांना चाळे.
सीट पुन्हा पुढे. दररोज पुढे. मास्तर त्या सहाच्या बाईंचं कौतुक करत होता. म्हणे पहिल्या दिवशी रडल्या, दुसऱ्या दिवसापासून सांगितलं की पाय काढा मास्तर, पडू दे बंद. रोज पन्नासदा बंद पाडतात आणि पन्नासदा सुरू करतात. मला दया आली. काहींना ही कला नसते. मास्तरला विचारलं, माझ्याबद्दल काय मत. तो म्हणाला, साहेब, तुमच्याबरोबर मला व्यायाम होतो.
गप्पांमुळे म्हणत असावा.

२८ जानेवारी
सोफ्यावरची एक उशी सकाळी नसते, संध्याकाळी असते. हिला विचारलं. म्हणाली उन्हात टाकते. सकाळी साडेपाचला ऊन?
विचारणार होतो, पण तेवढ्यात व्याजदर कमी होणार अशी बातमी लागली. आता थांबणंच शहाणपणाचं. घाईत काही करायचं नाही.

४ फेब्रुवारी
ही आज जरा विचित्र वागली. मी तक्त्याला सहावा रकाना जोडत होतो, समोर येऊन बसली. म्हणाली, रोख का कर्ज ते मला नका सांगू. गाडी येणार की नाही तेवढं सांगा. क्वार्टरचा अर्ज द्यायचा उद्या शेवटचा दिवस आहे.
मी सांगितलं की वाटाघाटी निर्णायक टप्प्यावर आहेत.
ही म्हणाली, कोणाशी?
या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं नाही. अजून कोणत्याच शोरूममध्ये गेलेलो नाही, पण तयारी हाही वाटाघाटींचा भाग असतो. तसं समजावलं. ही ऐकत राहिली. मग म्हणाली की आई आजारी होत्या तेव्हा पहिल्यांदा बढती आली, तुम्ही म्हणालात थोडं थांब, मी नको म्हटलं. लेकीच्या शाळेच्या वेळी दुसऱ्यांदा आली, तेव्हाही तेच. या वेळी मी नको म्हणणार नाही.
मी म्हटलं, म्हणूनच तर गाडी नीट बघून घ्यायला हवी.
ही बरं म्हणाली आणि उठली. विषय मिटला.
मागच्या दोन्ही वेळी हिने नको म्हटल्यावर घर कसं पुन्हा सुरळीत झालं होतं ते आठवलं. का आठवलं कोण जाणे. जेवण गेलं नाही.

८ फेब्रुवारी
संकल्प: या आठवड्यात शोरूम. संकल्प: हिच्याशी जास्त बोलायचं. संकल्प: दूध खरोखर आणायचं, कारण रोज रिकाम्या हाताने परत येतो आणि ही काही विचारत नाही. पूर्वी विचारायची.

११ फेब्रुवारी, दुपारी
शोरूम. टाय लावलेला एक पोरगेलासा सेल्समन. मी विचारलं, रोख घेतली तर काय सूट. तो म्हणाला सूट नाही. कर्ज काढलं तर? तरी नाही. मग फरक काय? तो म्हणाला, काका, फरक तुमच्या बाजूने आहे, आमच्या बाजूने गाडी तीच.
नवशिका आहे.
टेस्ट ड्राइव्ह घ्या म्हणाला. नको म्हणत होतो, पण चावी हातात दिलीच. तो शेजारी बसला. त्याच्या पायाशी काही नव्हतं, नुसती चटई.
गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मग उडी मारून निघाली आणि शोरूमच्या उतारावर उलटी घरंगळू लागली. मी ब्रेक दाबत होतो, निदान दाबतोय असं मला वाटत होतं. सेल्समनने हँडब्रेक ओढला. मागे कुंडी होती. होती असंच म्हणावं लागेल.
निष्कर्ष: त्या मॉडेलचा क्लच सदोष. तक्त्यात शेरा मारला आहे. मॉडेल बाद. म्हणजे किमती पुन्हा काढायला हव्यात, म्हणजे हप्ते पुन्हा, म्हणजे सगळा तक्ता पुन्हा.
कुंडीचे पैसे रोख दिले.

त्याच दिवशी, संध्याकाळी
चहा सांडला. ही म्हणाली काय झालं. म्हटलं, काही नाही, कंपनीत बॉयलरचं टेन्शन.
सांगावंसं वाटलं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण ही फोनवर हळू आवाजात कोणाशी तरी बोलायला आत गेली. कानावर आलं ते एवढंच, की परीक्षा पास झाले, पहिल्याच फटक्यात.
लॅबची काहीतरी परीक्षा असणार. अभिनंदन करायचं राहून गेलं.

१५ फेब्रुवारी
हिने नव्या हॉस्पिटलला होकार कळवला. गाडीचा पत्ता नसताना! याचा अर्थ एकच, माझ्यावर विश्वास आहे. संसारात शेवटी हेच लागतं.
मास्तरला म्हटलं, आज तुमचे पाय मांडी घालून वर घ्या. तो म्हणाला, साहेब, घरी कोणी आहे ना? असली अभद्र चेष्टा मला आवडत नाही. पाय राहू द्या म्हटलं.
आजपासून सीट मागेच असते. त्या सहाच्या बाई आता येत नाहीत. मास्तर म्हणाला, त्यांचं काम झालं. कंटाळून सोडलं असणार बिचारीने.

२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
अंतिम निर्णय जवळपास झाला. संध्याकाळी साडूला सहकुटुंब बोलावलंय, त्याच्यासमोर तक्ता मांडून जाहीर करणार. निर्णय असा: रोख. किंवा परिस्थिती पाहून कर्ज.
खाली गेलो तर आमच्या पार्किंगच्या जागेत कोणीतरी गाडी लावून ठेवलेली. निळी, छोटी, जुनी, दारावर पोचा. ही जागा मी तीन वर्षांपासून मोकळी राखली आहे, वॉचमनला बजावून ठेवलंय. वॉचमनला विचारलं तर तो नुसता दात काढून हसला. ज्याला त्याला चढलीय.
वर येऊन कागदावर लिहिलं: ही जागा खाजगी आहे. येथे लवकरच मालकाची स्वतःची गाडी येत आहे. आपली गाडी ताबडतोब हलवावी. खाली सही केली आणि वायपरखाली लावून आलो. काचेतून आत पाहिलं. ड्रायव्हरची सीट अगदी पुढे ओढलेली आणि तिच्यावर जांभळी उशी. हुबेहूब आमच्या सोफ्यावरच्यासारखी. हल्ली बाजारात एकाच छापाचा माल येतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
साडू आला. आल्या आल्या माझ्याऐवजी हिचं अभिनंदन केलं. मला वाटलं बढतीचं. मग म्हणाला, झकास गाडी आहे ताई, पोचा मी काढून देतो, ओळखीचा माणूस आहे.
हिने पदर नीट केला, आत गेली आणि माझा कागद आणून टीपॉयवर ठेवला. घडी घातलेली होती.
कोणी हसलं नाही. साडू हसला असता तर बरं झालं असतं. तो खाली मान घालून चहा ढवळत बसला. साखर केव्हाच विरघळली होती.
ते गेल्यावर मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून विचारलं, की रोख का कर्ज.
ही म्हणाली, थोडे रोख होते, थोडं कर्ज काढलं.
थोडे रोख, थोडं कर्ज. हा पर्याय तक्त्यात नव्हता.

२३ फेब्रुवारी
कंपनीत लक्ष नव्हतं. एक विचार मात्र चांगला आला. गाडी आली म्हणजे मूळ प्रश्न सुटला, क्वार्टरची गरजच उरली नाही. घरी येऊन हिला तसं सांगितलं. जोरात सांगितलं.
ही कपडे भरत होती. म्हणाली, क्वार्टर मिळालंय. अर्ज दिला तेव्हा गाडीचं काहीच खरं नव्हतं, आणि आता मिळालंय तर राहून बघते. शनिवारी येत जाईन.
मी म्हटलं, पण गाडी आहे ना आता.
ही म्हणाली, गाडी आहे म्हणूनच शनिवारी येता येईल.
भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. माझ्याकडे मुद्दे होते. हिचा आवाज इतका शांत होता की मुद्दे कुठे ठेवावेत कळेना. म्हणाली की मी तुमची वाट पाहत आलेय हो, फार वर्षं, आणि तुम्ही वाईट नाही, पण मला आता दमायला झालंय.
मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. खाली निळी गाडी दिसत होती. रडलो. कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

२ मार्च, सकाळी सव्वासहा, गाडीत
सामान मागे. ही चालवतेय. मी शेजारी बसून हे लिहितोय, अक्षर हलतंय.
ही आरसा बघते, मग वळते. बडबड नाही. चढावर गाडी एकदा बंद पडली. हिने सुरू केली आणि पुढे निघालो. विचारलं, कुठे शिकलीस. म्हणाली, तुम्ही शिकता तिथेच, तुमच्या आधी. म्हणजे हिला माहीत होतं. दूध आणायला जातो म्हणायचो ते.
विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, तुम्ही मला चकित करणार होता ना, म्हटलं बिघडवायला नको. वाट पाहिली. शेवटपर्यंत पाहिली.
पुढे ट्रक आडवा आला. माझा पाय जोरात खाली गेला. चटई होती.
गाडी थांबली. हिने थांबवली. माझ्या पायाकडे बघून म्हणाली, अहो, तुमच्या बाजूला काही नाहीये.

२ मार्च, दुपारी
तिथून बसने परत. बस आठचीच, पण उलट दिशेने. कंपनीत पोचलो तर गेटवर गर्दी. बॉयलर आला होता. चुकीच्या मापाचा.

३ मार्च
तक्ता फाडला नाही. कपाटात ठेवला. सोफ्यावर एकच उशी. घरात बोलायला कोणी नाही म्हणून बातम्या मोठ्याने लावतो. व्याजदर कमी झाले.

६ मार्च, शुक्रवार
मास्तरचा फोन आला. माझे काही तास शिल्लक आहेत, सातची बॅच भरलीय, सहाची जागा रिकामी आहे, येणार का. गेलो.
मास्तरला म्हटलं, पाय वर घ्या. तो स्लिपर काढून सीटवर मांडी घालून बसला.
क्लच सोडला. बंद. सुरू केली. बंद. मागून दूधवाला हॉर्न वाजवत होता. मास्तर खिडकीबाहेर बघत होता. तास संपेपर्यंत बंद आणि सुरू, बंद आणि सुरू.
गाडी क्लासच्या फाटकाबाहेर गेली नाही. उद्या शनिवार. हिने विचारलं तर हेच सांगणार.